सात नंबरचं औषध

केरबानं पेपरचं कात्रण दीक्षाच्या टेबलावर ठेवलं आणि त्यातला फोटो तिच्या चेहऱ्याशी ताडून पाहिला.

"तुमीच न्हवं? बेडकाच्या कातड्यापास्नं औषध काढलेल्या?"

"हो, मीच. बसा मामा."

तो बसला नाही. कागलजवळच्या गावातून पहिली एस.टी. धरून तो निघाला होता आणि विचारत विचारत विद्यापीठातल्या या प्रयोगशाळेपर्यंत पोचला होता.

"कारभारणीचा पाय सडलाय. साखर हाय तिला. डाक्टर म्हणलं, इंजेक्शनानं जंतू मरंनात, दोन बोटं काढाय लागतील. मग ह्ये वाचलं. म्हणलं, कापायचं कशाला? सरळ घरी आणली तिला. आज अकरावा दिस." त्यानं पिशवीतून एक रिकामी बाटली काढली. धुऊन, पुसून आणलेली. "ह्यात द्या जरासं."



गगनबावड्याच्या ओढ्यातल्या एका बेडकाच्या कातडीत जंतू मारणारं इवलंसं प्रथिन असतं. त्याच्या जनुकात एकेक बदल करायचा आणि प्रथिनाची ताकद वाढते की घटते ते पाहायचं, एवढंच तिचं काम. सातव्या बदलानं कमाल केली होती. काचेच्या थाळीत जिथं थेंब टाकला, तिथं एक जंतू उरला नव्हता. त्याच दुपारी तिनं स्वतःचं रक्त काढून परीक्षानळीत त्यावरही तो थेंब टाकून पाहिला होता. बातमीदार आला तो दुसऱ्या दिवशी.

"मामा, हे माणसाला देता येत नाही."

"का? पेपरात तर..."

"जंतू मारतं ते. पण रक्तातल्या पेशीही फोडतं."

केरबानं कात्रण उचलून परत वाचलं. बोट ठेवून, ओळ न् ओळ.

"आसं हितं लिवल्यालं न्हाय."

"मी सांगितलंच नाही."

"ठावं नव्हतं तुमास्नी?"

नव्हतं, म्हणता आलं असतं. "होतं," दीक्षा म्हणाली. "चांगलं तेवढंच सांगितलं."

तो ओरडेल असं तिला वाटलं. त्यानं बाटली पिशवीत ठेवली.

"मग आता?"

तिनं अंगावरचा पांढरा कोट काढला, गाडी ठरवली आणि त्याच्याबरोबर गावाला गेली. पायाचा वास अंगणातच आला. केरबानं आणि तिनं मिळून त्याच्या कारभारणीला, शालूबाईला, उचलून गाडीत घातलं. दुपारी दवाखान्यात सर्जननं पट्टी सोडली, तोवर दीक्षा भिंतीला टेकून उभी होती.

"घरी नेलंत त्या दिवशी बोटांवर भागलं असतं," सर्जन म्हणाले. "आता गुडघ्याखाली कापायला लागणार. आजच."

"माझ्यामुळं झालं हे," दीक्षा म्हणाली.

"व्हय, तुमच्यामुळं," केरबा म्हणाला. "आन् माझ्यामुळं बी." त्यानं ऑपरेशनच्या संमतीचा कागद ओढून सही केली.

तिसऱ्या दिवशी ती वॉर्डात गेली, तेव्हा सर्जननं तिला दारातच गाठलं. त्यांच्या हातात सीलबंद कुपी होती.

"त्या पायातले जंतू आहेत. एकही औषध यांना लागू पडत नाही. तुमच्या कामाला येतील. पेशंटची परवानगी तेवढी घ्या."

"नको सर. मी कुठल्या तोंडानं विचारू त्यांना?"

दाराजवळच्या कॉटवर शालूबाईनं मान वळवली. तिच्या अंगावरची चादर एका बाजूला गुडघ्याखाली सपाट झाली होती.

"काय हाय गं त्यात?"

दीक्षा कॉटपाशी जाऊन उभी राहिली. कुपीतले जंतू तिच्याच पायातले आहेत आणि प्रयोगासाठी हवेत, ते सांगितलं. पेपरवाल्यापासून आपण काय लपवलं, तेही सांगितलं. औषध व्हायला कितीतरी वर्षं लागतील, कदाचित कधीच होणार नाही, हेही सांगितलं. मधलं काही गाळलं नाही.

शालूबाईनं सगळं ऐकून घेतलं.

"जित्तं हाईत व्हय त्ये?"

"हो, मावशी."

"मग ने की पोरी," शालूबाई म्हणाली. "माझ्या पायातलं तेवढंच जित्तं ऱ्हायलंय."