पिशव्या राखायला

"आई, तू इथेच बस. पिशव्यांकडे लक्ष ठेव," मुलगा म्हणाला आणि त्याने डॉक्टरांच्या केबिनचं दार ओढून घेतलं.

झालं! गाठ जिच्या छातीत, ती बाहेर बाकावर पिशव्या राखत बसली. आणि साधी सर्दी झाली तरी घर डोक्यावर घेणारे दोघे बापलेक आत तिचा निकाल लावायला बसले. कोपऱ्यात उभ्या सिस्टरच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

डॉक्टरांनी दोन मार्ग सांगितले. नुसती गाठ काढायची आणि मग काही आठवडे रोज रेडिएशनला यायचं, नाहीतर पूर्ण स्तन काढायचा. तिच्या बाबतीत दोन्हींचा गुण सारखाच.

"रोज कोण आणणार हिला?" नवरा म्हणाला. "काढून टाका सगळं. या वयात काय करायचंय?"

"आणि आईसमोर कॅन्सर म्हणू नका हं," मुलगा म्हणाला. "तिला झेपणार नाही."

डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं. "ठीक आहे. सिस्टर, उद्याच्या ऑपरेशनची तयारी करा."

"त्यांनी हो कुठे म्हटलंय, सर?"

"घरच्यांनी म्हटलंय ना."

"मग घरच्यांनाच घ्या टेबलावर."

डॉक्टर लालबुंद झाले. पण सिस्टरने तोवर दार उघडलंही होतं. "काकू, आत या. पिशव्या राहू द्या तिथेच."

"तुम्हाला कोणी विचारलं हो?" नवरा उसळला.

"मला नाही विचारलं, तरी चालेल. यांना विचारा."

ती आत आली, खुर्चीच्या कडेवर टेकली. डॉक्टरांनी घसा साफ केला आणि एकदाचा तो शब्द उच्चारला. तिचा हात आपसूक छातीवर गेला. सिस्टरने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"आई, तुला झेपणार नाही म्हणून..."

"तुझ्या आजीचं अंथरुणातलं सगळं मी काढलं. तेव्हा झेपेल का, कोणी विचारलं होतं?" तिने डोळे पुसले आणि खुर्चीत नीट मागे सरकून बसली. "डॉक्टर, ते दोन्ही मार्ग मला पहिल्यापासून सांगा. सावकाश."

मग ती नवऱ्याकडे वळली.

"अहो, तुम्ही दोघं बाहेर बसा. पिशव्या आहेत तिथे. काय ठरलं ते सिस्टर येऊन सांगतील."