वाढीचं पाकीट

“हसा की जरा, रात्कामावशी! पगारावर बोलायचंय, मयताला नाही निघालो आपण,” पान्चेमालक म्हणाले, आणि तिच्या शिलाई मशीनवरच्या कापडाच्या चिंध्या त्यांनी चक्क स्वतःच्या हाताने उचलल्या.

चॅनलवाली पोरगी कॅमेरा लावत होती. गेले पंधरा दिवस श्टिप गावात दुसरा विषय नव्हता. किमान वेतन वाढवायचं की नाही! संसदेत हमरीतुमरी, बेकरीच्या रांगेत भांडणं. वाढवलं तर शिलाईचे कारखाने बंद पडतील, असं मालक टीव्हीवर दोनदा सांगून आले होते. पण मालकाचं कोण ऐकतंय? तेच एखाद्या शिवणाऱ्या बाईनं सांगितलं, तर अख्खा मॅसेडोनिया मान डोलावेल. म्हणून सव्वीस वर्षं शर्टांच्या कॉलर शिवणारी, भोळ्या चेहऱ्याची रात्का त्यांनी निवडली.

फुकट नाही. सकाळीच ऑफिसात बोलावून त्यांनी शब्द दिला होता. “तुमच्या लेकीला, व्हायोलेताला बोलवा परत. कटिंगच्या खोलीत जागा आहे. मागचं मी विसरलो.”

मागचं म्हणजे तीन वर्षांपूर्वीचं. तेव्हाही सरकारनं वेतन वाढवलं होतं. बँकेत पगार पूर्ण जमा झाला. मग मालकांच्या हुकमावरून बायकांनी वाढलेले तेवढे पैसे काढले, पाकिटात घातले आणि गुपचूप सुपरवायझरच्या टेबलाच्या खणात आणून ठेवले. सगळ्यांनी ठेवले. रात्कानंही ठेवले. एकट्या व्हायोलेतानं ठेवले नाहीत. “माझ्या घामाचे आहेत, नाही देणार,” असं ती भर हॉलमध्ये म्हणाली आणि आईकडे वळली. “आई, तू तरी बोल ना!” रात्का खाली मान घालून सुईत दोरा ओवत राहिली. सोमवारी व्हायोलेताच्या मशीनवर दुसरीच पोरगी बसलेली होती. महिन्याभरात व्हायोलेता जर्मनीतल्या उल्मला गेली. तिथे ती हॉस्पिटलच्या चादरी धुते.

तेव्हापासून रात्काचं घर खायला उठायचं. दर शरद ऋतूत ती पोतंभर लाल मिरच्या भाजायची, त्यांची आयवर नावाची चटणी करून बरण्या भरायची, आणि शुक्रवारच्या बसच्या ड्रायव्हरकडे द्यायची. “मावशी, पोरगी एवढं खाऊन दारात मावायची नाही हो!” ड्रायव्हर म्हणायचा. रात्का हसायची, आणि बस वळणाआड जाईपर्यंत तिथेच उभी राहायची. दारात न मावणारी का होईना, पण पोरगी दारात यावी, एवढंच तिला हवं होतं. त्यापुढे दोन खोटी वाक्यं म्हणजे काय मोठंसं?

“खोटं बोलताना नाक खाजवतेस तू,” शेजारच्या मशीनवरची स्लाव्हित्सा कुजबुजली. “हात खाली ठेव गं बाई.”

रात्कानं हात मांडीवर ठेवले.

“तुम्हाला वाढ हवी आहे का?” चॅनलवालीनं विचारलं.

“आहे त्यात भागतं आमचं. वाढवलं आणि कारखानाच बंद पडला, तर खायचं काय?” पढवलेलं सगळं तिनं नीट म्हटलं. मालकांनी खुशीत मान डोलावली. झालं, सुटले, असं तिला वाटलं.

पण पोरीनं माइक काही काढला नाही. “मागची वाढ बायकांना पाकिटात घालून परत करावी लागली, असं म्हणतात. खरं आहे का हे?”

स्लाव्हित्साचं मशीन थांबलं. मागची दोन-चार थांबली. रात्काला समोर तो खण दिसत होता. त्याच्या पलीकडे कटिंगच्या खोलीचं निळं दार होतं. त्या दाराआड व्हायोलेता हातात खडू घेऊन वाकलेली असेल. दुपारी दोघी एकाच डब्यातून जेवतील. संध्याकाळी पुलावरून भांडत भांडत घरी जातील.

“छे हो,” रात्का म्हणाली. “असं काही झालंच नाही. लोकांचं काय, उचलली जीभ लावली टाळ्याला.”

हात मांडीवरच होते.

“आज टीव्हीवर बघ मला,” असा निरोप तिनं दुपारीच लेकीला धाडला होता. संध्याकाळी तिनं टेबलावर उगाचच दोन ताटल्या मांडल्या. बातम्या संपल्या न संपल्या तोच फोन वाजला.

“अगं, मालकांनी जागा दिली तुला!” रात्काला धीरच धरवेना. “कटिंगच्या खोलीत! मागचं विसरले म्हणाले. ये गं आता. बरण्या पाठवून पाठवून जीव विटला माझा, ये तू.”

पलीकडे धुलाईयंत्रांची घरघर ऐकू येत होती. व्हायोलेता रागावली नव्हती. लहानपणी काही कळलं नाही की विचारायची, तसं तिनं विचारलं,

“आई, असं काही झालंच नव्हतं, तर मग मी घर का सोडलं गं?”