तांबं मुक्त होतं

वेळ संपत आली होती आणि गुद्रून काही केल्या उत्तर संपवत नव्हती!

परीक्षेसाठी उचललेल्या चिठ्ठीत काय आलं होतं, तर रासायनिक अभिक्रियांचे चार प्रकार. सोप्पं! संयोग झाला, अपघटन झालं, दुहेरी विस्थापनाचा दह्यासारखा पांढरा साकाही नळीच्या तळाशी बसला. उरलं नुसतं विस्थापन. ते ती इतकं रेंगाळत करत होती की तोर्किल मास्तरांनी दोनदा घड्याळ बघितलं.

कारण ही शेवटची तोंडी. ही झाली की दाराबाहेर आपलं माणूस उभं असतं, ते आपल्या डोक्यावर पांढरी टोपी ठेवतं आणि मग शाळा संपते. स्वतःची टोपी स्वतः कोणी घालत नाही, घालायचीच नसते. गुद्रूनला बाबा घालणार होते. आणि बाबा समुद्रातल्या तेलविहिरीवर अडकलेले, धुक्यामुळे हेलिकॉप्टर सुटलंच नाही. घरात दोघंच. म्हणजे बाहेर कोणी नाही.

तिनं मोरचुदाच्या निळ्या पाण्यातून खिळा वर काढला. लालसर झाला होता.

"लोखंड जास्त क्रियाशील," ती म्हणाली. "ते घुसतं आणि तांब्याची जागा घेतं."

"आणि तांब्याचं काय होतं?" बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी विचारलं.

"ते एकटं पडतं."

"पुस्तकात 'मुक्त होतं' असं दिलंय."

"हो," गुद्रून म्हणाली. "पुस्तकात दिलंय तसं."

बाई हसल्या. मास्तरांनी पेन खाली ठेवलं. "छान. आता बाहेर थांब. गुण ठरले की हाक मारतो."

"इथेच थांबू? तो धूर ओढायचा पंखा लावा ना, मला एक शब्द ऐकू येणार नाही. कानात बोटं पण घालते."

"गुद्रून! तेरा वर्षं शाळेतून पळायला बघत होतीस, आज हाकलायला लागतंय का तुला?"

तिनं दार उघडलं.

"हुर्रा!!"

नऊ जण! छोटे छोटे झेंडे, फुलं, एका काकांच्या हातात बाटली, एका बाईच्या काखेत तान्हं बाळ. दुसरा हुर्रा मात्र अर्ध्यातच विरला.

"अगं बाई, ही आपली नाही!" म्हातारी म्हणाली.

जिन्याच्या पायरीवरून एक पोरगा लालबुंद होऊन ओरडला, "आजी! माझा नंबर हिच्यानंतर आहे! सांगितलं होतं ना!"

सगळे खो खो हसले. काकांनी बाटली पाठीमागे लपवली. "सॉरी हं पोरी. आमचं हे असंच, लग्नालासुद्धा आदल्या दिवशी पोचतो."

"तुझी माणसं कुठायत गं?" म्हातारीनं विचारलं.

"आलीच," गुद्रून म्हणाली. "गाडी लावताहेत."

पाच मिनिटांनी आतून हाक आली. बारा गुण. याच्या वर गुणच नसतात! मास्तरांनी हात मिळवला, बाईंनी मिळवला, आणि ती आतल्या दारानं, मागच्या जिन्यानं खाली उतरली. सायकली लावतात तिथे कठड्यावर बसली. टोपीचा खोका मांडीवर, अजून दोरी बांधलेला.

फोन वाजला. पलीकडे नुसता वारा, आणि वाऱ्यात बाबा.

"किती?"

"बारा."

बाबा एवढ्यांदा ओरडले की तिला फोन कानापासून लांब धरावा लागला.

"आणि टोपी? टोपी कुणी घातली गं?"

गुद्रूननं खोक्याची गाठ बोटानं थोडी चाचपली.

"नऊ जण होते, बाबा," ती म्हणाली. "मी दार उघडलं आणि सगळे एकदम हुर्रा ओरडले."