पत्रमैत्रीण

तिसरीच्या बाईंनी चार दिवस घसा कोरडा करून मुलांना पत्र लिहायला शिकवलं. आधी ख्यालीखुशाली, मग मनातलं, शेवटी 'तुझा' किंवा 'तुझी'. पत्रं दुसऱ्या एका शाळेतल्या मुलांना गेली. पंधरा दिवसांनी उत्तरांचा गठ्ठा आला आणि मुलांनी वर्ग डोक्यावर घेतला. एक चष्मेवाली मुलगी तेवढी हात मांडीवर ठेवून बसून होती.

"बाई, माझं?"

"येईल गं. टपालात मागे राहिलं असेल."

शाळा सुटल्यावर बाई रिकाम्या वर्गात बसल्या. पाठ भरून आली होती. तरी त्यांनी मुद्दाम वेडंवाकडं अक्षर काढून, शुद्धलेखनाच्या चार चुका करून दोन पानी उत्तर लिहिलं आणि सकाळी चष्मेवालीच्या हातात ठेवलं. "बघ, आलं की नाही?"

तिने ते दोनदा वाचलं. मधल्या सुट्टीत डबासुद्धा न उघडता उलट पत्र लिहिलं आणि पाठवायला बाईंकडे दिलं. मुलं खेळायला गेल्यावर बाईंनी ते उघडलं.

'प्रिय मैत्रिणी, तुझं पत्र मला खूप खूप आवडलं. पण आता तू उत्तर नाही लिहिलंस तरी चालेल. आमच्या बाईंना आधीच खूप वह्या तपासायच्या असतात.'