झाडलेलं अंगण

मिस व्हर्डेलनी खराटा पुढे केला.

"घ्या, ब्रदर शंकर. पहिला हात वडीलधाऱ्या माणसाचा."

शंकररावांचे दोन्ही हात कोटाच्या खिशातच राहिले.

शिकागोच्या दक्षिणेकडचा हा कोपऱ्यावरचा प्लॉट. मे महिना, तरी कोट लागावा अशी सकाळ. इथली दोन घरं पाडली, मग कित्येक वर्षं नुसतं रान आणि काचा. आज बाग. कडेच्या दगडांवर नावं रंगवलेली: मिसिसिपीहून, अलाबामाहून या गल्लीत पहिल्यांदा आलेल्यांची, आणि त्यांच्या मागची, गुलामीत खपलेल्यांची. जेवढी कुणाला आठवत होती तेवढी. ज्यांची आठवत नव्हती त्यांचे दगड कोरे, पण रांगेत. मध्ये लाकडी खांब, त्यावर नाना भाषांत 'शांती'. मराठीतली शंकररावांनी स्वतः रंगवली. वेलांटी जरा ओघळली आहे.

खांबाभोवती मोकळी माती. गवत नाही, फरशी नाही.

गेल्या शनिवारी ते खिशात झेंडूचं बी घेऊन आले होते. "इथे काहीच नाही लावलं?"

"खबरदार!" मिस व्हर्डेल म्हणाल्या होत्या. "ते अंगण आहे. आमच्याकडे साउथमध्ये अंगणात गवताचं पातं दिसलं की आई आमची कानउघाडणी करायची. अंगण झाडायचं असतं."

शंकररावांना हे फार आवडलं होतं. कोण झाडणार, ते विचारायचं राहून गेलं.

आता सगळी गल्ली गोल करून उभी. खराटा हवेत. काटक्या दोरीने घट्ट आवळलेल्या, टोकं हिरवट.

संघमित्रा त्यांच्याजवळ सरकली. पलीकडच्या रस्त्यावर तिचं क्लिनिक. बाबांना इथे आणलं तिनेच. तिला कळलं होतं. त्यांच्या घरी व्हॅक्यूम आहे. मॉप आहे. पानं उडवायचं मशीन आहे. खराटा नाही. झाडूसुद्धा नाही.

"बाबा, मी करते. तुमची पाठ दुखतेय म्हणून सांगते तिला."

"पाठ ठणठणीत आहे माझी."

"मग काय सांगू?"

शंकररावांनी घसा खाकरला. "मिस व्हर्डेल, एक घोटाळा आहे. माझी जन्मतारीख खरी नाही. शाळेत घालताना मास्तरांनी एक जून टाकून दिली. तेव्हा कदाचित तुम्हीच मोठ्या असाल."

"चार लोकांत बाईला म्हातारी म्हणताय, ब्रदर?"

गल्ली हसली.

"आणि तारखेचं काय घेऊन बसलात," त्या म्हणाल्या. "माझ्या आजोबांची तर कुणी टाकूनसुद्धा दिली नव्हती. आम्ही चेहरा बघून ठरवतो. घ्या."

हसू विरलं. खराटा तिथेच होता.

"माझी आई गावात पाटलाचं अंगण झाडायची," शंकरराव हळूच म्हणाले. "झाडून झालं की खराटा फिरवत उलटी चालत बाहेर यायची. आपलीच पावलं पुसत. आमचं पाऊल तिथे दिसलेलं चालायचं नाही. मी तिला शब्द दिलाय, खराटा हातात धरणार नाही."

रस्त्यावरून बस गेली.

मिस व्हर्डेलनी खराटा मागे घेतला नाही.

"माझी आईपण लोकांचीच झाडायची. आठवडाभर. शनिवारी संध्याकाळी मात्र आमचं. तेव्हा गायची." त्यांनी आजूबाजूच्या दगडांकडे मान वळवली. "तुम्ही त्या मातीतल्या काचा वेचल्यात, ब्रदर. बोटाला पट्टी लावून फिरत होतात. मग हे अंगण कुणाचं?"

शंकररावांनी खिशातून हात काढले. बोटावर अजून व्रण होता.

खराटा हलका निघाला. त्यांना वाटलं होतं त्यापेक्षा खूपच हलका.

पहिला फटका वाकडा गेला. दुसरा बरा. मग हात सुटले. मातीवर अर्धगोल उमटू लागले, एकाला लागून एक, मोराच्या पिसाऱ्यासारखे. आयुष्यात कधी न केलेलं काम हातांना येत होतं. बघून बघून आलेलं असावं. कुणीतरी गुणगुणायला लागलं. शंकरराव खांबापासून सुरू झाले ते मागे मागे सरकत कडेपर्यंत आले आणि थांबले.

अंगण लख्ख. एकही खूण नाही.

"बाबा, परफेक्ट," संघमित्रा म्हणाली.

शंकरराव बघत राहिले. उलटे चालत आलो, हे त्यांच्या तेव्हा ध्यानात आलं.

त्यांनी खराटा लेकीच्या हातात दिला. खाली बसून बूट काढले. मोजे काढले, नीट घडी करून बुटात खोचले. आणि त्या झाडलेल्या मातीवरून, पिसाऱ्याच्या ऐन मधून, अनवाणी, सरळ खांबापर्यंत चालत गेले.

वळून पाहिलं. टाच, तळवा, पाचही बोटं. स्वच्छ.

"अरे देवा, बाबा!" संघमित्रा खराटा घेऊन धावली.

मिस व्हर्डेलनी तिचा दंड धरला. "राहू दे, पोरी."

मग तिच्याच खांद्याचा आधार घेऊन त्या वाकल्या आणि आपल्या बुटाची नाडी सोडू लागल्या.