लाल माती

"खोल्दूँ, साब?" सत्तारमियांनी पाना हातात घेऊन विचारलं.

एकनाथरावांनी मान हलवली. समोर टेबलावर मालगाडीच्या आसाचं टोक ठेवलं होतं. दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत रुळांवर धावून ते कालच कारखान्यात परत आलं होतं. त्याच्या बेअरिंगवर कारखान्यातल्या तरुण इंजिनिअर सुजाताने नव्याने आखलेलं झाकण होतं. जुन्या झाकणांतून धूळ आत शिरायची, बेअरिंग तापायचं आणि गाडी आडरानात उभी राहायची. सुजाताने झाकणाच्या काठाला खोल खाच दिली होती आणि खाचेच्या आत रबराची कडी बसवली होती. धूळ आलीच तर तिथे अडावी, पुढे जाऊ नये.

टेबलापलीकडे परदेशी कंपनीचा साहेब उभा होता. सरकारने बाहेरच्यांना दारं उघडल्यापासून कारखान्यात अशा पाहुण्यांची वर्दळ वाढली होती. झाकण पास झालं तर ते इथेच बनणार होतं, सुजाताच्या नकाशावरून. नाही झालं तर त्यांची तयार झाकणं बोटीने येणार होती. सुजाताने सकाळपासून तो नकाशा तीनदा उलगडून पाहिला होता. एकनाथराव मात्र निर्धास्त होते. ते तिच्या विभागाचे प्रमुख. तिची रेघन् रेघ त्यांनी डोळ्यांत तेल घालून तपासली होती. आज कपाळावर कुंकवाचा टिळाही जरा ठसठशीतच लावून आले होते.

झाकण निघालं. खाचेत काळपट धुळीचा थर अडून बसला होता. कडीच्या आतली बाजू लख्ख. सुजाताने श्वास सोडला.

साहेबाने बेअरिंगच्या ग्रीसमधून बोट फिरवलं आणि उजेडात धरलं. बोटावर लाल रेघ होती.

"हे काय?" त्याने विचारलं. "धूळ तर कडीपाशीच थांबली आहे. मग हे आत कुठून आलं?"

एकनाथरावांच्या तोंडचं पाणी पळालं. खंडेनवमीची सकाळ त्यांच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. सगळ्या यंत्रांना हळदकुंकू वाहून झालं होतं, सुजाता प्रसाद वाटायला बाहेर गेली होती. झाकणावर लावलेलं कुंकू काय, पहिल्या फेरीतच पुसलं जाईल. देवीचा हात थेट बेअरिंगवर पडायला हवा, पोरीला यश मिळायला हवं, असं त्यांच्या मनाने घेतलं. सत्तारमियांनी झाकण उचलून धरलं. "मन्नत है तो लगा लेव, साब," ते म्हणाले होते. आणि एकनाथरावांनी बेगम बाजारातल्या नव्या पुडीतलं चांगलं चिमूटभर कुंकू आत सोडलं होतं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

आता फक्त सांगायचं होतं. साहेब माणूस सरळ होता, हसला असता आणि नवं ग्रीस भरून पुन्हा चाचणी घ्या म्हणाला असता. पण तो हसला असता, हेच तर एकनाथरावांना सोसवेना. समोरच्या भिंतीवर त्यांच्याच अक्षरातली पाटी होती, मराठीत, तेलुगूत आणि उर्दूत: 'बेअरिंग उघडण्याआधी हात धुवा.' ग्रीसच्या डब्याजवळ चहाचा कप दिसला तरी ते माणसाची सात पिढ्यांसकट खरडपट्टी काढायचे. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

"माती," ते म्हणाले. "इकडची माती लाल असते. पिठासारखी बारीक. कुठूनही शिरते."

बोलून गेल्यावर त्यांना वाटलं, कुणीतरी खोडून काढावं. त्यांनी सत्तारमियांकडे पाहिलंसुद्धा.

"साब बोले सो सहीच होंगा," सत्तारमियां म्हणाले आणि पाना पुसायला लागले. इतका वेळ पाना पुसताना त्यांना कुणी पाहिलं नव्हतं.

साहेबाने खाचेवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. त्याला स्वतःलाच वाईट वाटत असावं. "कल्पना चांगली होती, मिस सुजाता," तो म्हणाला. "पण इथल्या मातीपुढे पुरी पडली नाही."

 सुजाता पुढे झाली, तिने चिमटीत थोडं ग्रीस घेतलं, बोटांवर चोळलं. मग नाकाशी नेलं. चोळता चोळता तिची बोटं थांबली. तिने मान वर करून एकनाथरावांच्या कपाळाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती आता बोलणार, बोलावंच तिने, असं त्यांच्या मनात आलं.

"हो," ती साहेबाला म्हणाली. "मातीच आहे."

साहेब बाहेर गेला, त्याच्यामागे सत्तारमियांही गेले. खोलीत दोघंच उरले. सुजाता झाकण कापडाने पुसत होती, खाचेतली धूळ नखाने काढत होती. तिच्या झाकणाने इमानाने अडवून धरलेली धूळ. एकनाथरावांनी तोंड उघडलं. "सुजाता... पोरी, मी..."

"राहू द्या, सर." तिने झाकण पालथं घालून टेबलावर ठेवलं. "साहेब जेवायला थांबलेत तुमच्यासाठी. जाताना तेवढं कपाळ पुसून जा."

त्यांचा हात कपाळाकडे गेला.

"माती लागलीय," ती म्हणाली.