अमरचा नंबर

“काकू, अमरदादाचा मोबाईल नंबर सांगा,” लॅपटॉपवरून नजर न काढता अंबिका म्हणाली.

महानंदानं हातातली कपबशी खाली ठेवली. सकाळपासून सगळं सुरळीत चाललं होतं आणि नेमका हाच प्रश्न यायचा होता.

अंबिका तिच्या दिराची मुलगी, लातूरला कॉम्प्युटरच्या कंपनीत. महानंदाच्या नवऱ्यानं, गुरुलिंगअप्पांनीच पुतणीला देवणीला बोलावून घेतलं होतं. घराला लागून त्यांचं बियाण्यांचं दुकान. दुकानाची बिलं, दारावरचा कॅमेरा, घरातले फोटो, सगळं कपाटावरच्या एका काळ्या पेटीत साठायचं. हा घरचा सर्व्हर त्यांच्या मुलानं, अमरनाथनं, स्वतः जोडून ठेवला होता. पण जितक्या गोष्टी तितके पासवर्ड, आणि अप्पांच्या डोक्यात एकही राहत नव्हता.

“आता सिंगल साइन-ऑन करायलेय,” अंबिकानं सांगितलं. “एकदा शिरलं की सगळी दारं उघडी. पासवर्ड फोटोंचा जुनाच चालंल, पण पयल्यांदा शिरताना मोबाईलवर सहा आकडे येतील. ते टाकल्याबिगर आत सोडणार न्हाई.”

“अन् नंबर नसंल तर?”

“मग खातं बंद करावं लागंल. आज सांजेपासून जुनी वाट बंदच हाय.”



अमरनाथ घर सोडून गेला त्याला दोन वर्षं होत आली होती. बापलेकाचं कशावरून पेटलं ते आता आठवायला बसलं तर हसू यावं. पण अप्पा रागाच्या भरात ‘तोंड दाखवू नको’ म्हणाले, आणि जन्मभर बापाचं काही न ऐकणाऱ्या पोरानं तेवढं एक तंतोतंत ऐकलं. फोन बदलला, पत्ता कळवला नाही. मग अप्पांच्या छातीत दुखलं, दवाखाना झाला, घरी आले तरी ताटावर बसेनात. समोरचं अन्न निवून जायचं.

पेटीतल्या फोटोंखाली कुठूनही, आवडल्याची खूण म्हणून, तारा लावता यायचा, आणि तो कुणी लावला त्याचं नावही दिसायचं. एके सकाळी महानंदानं आपल्या फोनवरून अमरच्या नावानं आत शिरून वासराच्या फोटोखाली तारा लावला. पासवर्ड तिला ठाऊक होता. ‘विसरलो तर तू सांग’ म्हणून पोरानंच सांगून ठेवला होता.

“अमर येऊन गेला जणू. बघा की,” न्याहरीला तिनं फोन पुढं केला.

अप्पांनी तो बराच वेळ हातात धरला. मग दोन भाकरी खाल्ल्या.

तेव्हापासून हा नेमच झाला. ज्यांनी जन्मात कधी फोटो काढला नव्हता ते अप्पा रोज रात्री एक फोटो टाकायला लागले. गाय, तूर, दुकानाचं नवं शटर, एकदा तर भाकरी थापणारी महानंदाच. सकाळी ते देवघरात इष्टलिंगाच्या पूजेला बसले की ती तारा लावायची. पूजेत अप्पा चकार शब्द बोलत नसत, आणि फोन तर त्या खोलीत नेतच नसत. घंटा वाजली की पूजा संपली, की महानंदाचा फोन डाळीच्या डब्यामागं. एखाद्या दिवशी नेट रेंगाळलं तर नेमकी पूजाही लांबायची. महादेवाची कृपा, असं ती मनाशी म्हणायची.

एकदा खोटं बोलणं सोपं असतं. हे रोजचं झालं होतं. थांबावं तर अप्पांचं जेवण थांबेल या धाकानं ती घाण्याच्या बैलासारखी त्याच वाटेनं फिरत होती, आणि सुटायची वाट तिला दिसत नव्हती.

“त्याचं बंद न्हाई करायचं,” दारातून अप्पांचा आवाज आला. “नंबर हाय माझ्याकडं.”

ते अंबिकाशेजारी टेकले आणि चष्मा लावून एकेक आकडा स्वतः दाबला.

“ते सहा आकडे किती येळ टिकतेत गं?”

“दोन मिन्टं.”

“लई झाली,” अप्पा म्हणाले.

महानंदा उठून स्वयंपाकघरात गेली. अमरचा नंबर यांच्याकडे कसा? बोलणं झालं असेल काय? पोरगा म्हणाला असेल, कसले तारे? की तो जुनाच, बंद पडलेला नंबर दिला? बोलले असतील तर आपलं पितळ उघडं पडणार, नसतील तर उद्यापासून तारा नाही. इकडे आड, तिकडे विहीर.

अंबिका स्वयंपाकघरात आली तशी तिनं हळूच दंड धरला. “अंबू, त्या नंबराच्या जागी माझा...”

“चार्जर कुठं ठिवलास गं?” अप्पा मागंच उभे होते. हातात अडगळीतला बटणांचा फोन. “उदगीरच्या बाजारात न्यायला ह्योच बरा. मोठा फोन गर्दीत मारतेत.”

महानंदानं चार्जर काढून दिला. अंबिका दुपारच्या बसनं लातूरला गेली, आणि बोलायचं ते पोटातच राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा पूजेला बसले. रात्री त्यांनी अमरच्या जुन्या सायकलीचा फोटो टाकला होता, धुऊनपुसून अंगणात उभी केलेली. तो पाहून महानंदाला रडूच कोसळलं. आज हा फोटो तसाच राहणार, आणि निवलेलं ताट समोर घेऊन अप्पा बसणार. आत जाता येणार नाही हे माहीत असूनही तिनं अमरचं नाव टाकलं, पासवर्ड टाकला, बटण दाबलं.

पडद्यावर सहा रिकाम्या चौकटी उमटल्या.

देवघरात काहीतरी किणकिणलं. ती पूजेची घंटा नव्हती. पाठोपाठ चष्म्याच्या डबीचं झाकण वाजलं. मग इतक्या वर्षांत पूजेत कधी एक शब्द न बोललेल्या अप्पांचा आवाज आला, सावकाश, एकेक आकडा सुटा करत.

“चार... सात... शून्य... टाकलेस का? मग फुडचे सांगतो.”